राजाज्ञा आणि वाणीचे तप

श्रीज्ञानेश्वर माउली, श्रीतुकोबाराय आणि सकल संत यांच्या चरणी मस्तक ठेवून आज एका निराळ्याच विषयाचे निरूपण योजिले आहे. विषय राजाज्ञेचा आहे. पण तो आपल्या दारातूनच गेलेला आहे, म्हणून वारकरी वाचकांनी तो परका मानू नये.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी आषाढीचा पायी सोहळा निघाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने दिंड्या चालल्या, ती वाट रिकामी राहिली. सरकारने वाट अडवली हे योग्य की अयोग्य, यावर पारावर अजून वाद निघतो. माझे मत विचाराल तर सांगतो: जो रोग माणसाच्या श्वासाबरोबर गावोगाव चालत जातो, त्याला अडवायचे तर माणसाचे चालणे काही काळ अडवावे लागते. मे २०२० च्या आरंभी सरकारने जिल्ह्यांची लाल, नारिंगी आणि हिरवी अशी वाटणी केली, तेव्हा पुणे, सातारा आणि सोलापूर हे तिन्ही जिल्हे लाल यादीत होते. माउलींची पालखी याच तीन जिल्ह्यांतून जाते. लाखो माणसांचा मेळा एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला निघाला असता, तर वाटेवरच्या गावांचे काय झाले असते? जो वारकरी मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो, त्याने हा विचार करू नये काय?

तेव्हा बंधन असावे की नसावे हा आजचा प्रश्न नाही. बंधन घालणाऱ्याने ते कसे सांगावे, हा आजचा प्रश्न आहे. कारण आज्ञा कागदावर निघते, पण लोकांपर्यंत पोचते ती शब्द होऊनच. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तीन तपे सांगितली: देहाचे, वाणीचे आणि मनाचे. त्यांपैकी वाणीच्या तपाची लक्षणे अशी की ऐकणाऱ्याच्या मनात कालवाकालव होऊ नये, बोलणे खरे असावे, गोड असावे, हिताचे असावे, आणि बोलणाऱ्याने स्वाध्याय सोडू नये. साधकासाठी सांगितलेले हे तप राज्यकर्त्याला तर अधिकच लागू पडते. साधकाचा शब्द दहा माणसे ऐकतात, राज्यकर्त्याच्या शब्दावर कोट्यवधी पावले उचलली जातात किंवा थांबतात. या पाच लक्षणांच्या कसोटीवर त्या दोन वर्षांतील बोलणे घासून पाहू.

पहिले लक्षण, उद्वेग न करणे.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशाला उद्देशून भाषण केले आणि त्याच रात्री बारापासून २१ दिवस सारा देश बंद राहील असे सांगितले. मध्ये तास किती? चार. रोगाची निकड मोठी होती हे मान्य. पण ज्याच्या घरात महिन्याचा किराणा भरलेला आहे त्याचे चार तास आणि जो रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ आणतो त्याचे चार तास, हे सारखे नव्हेत. उद्या पीठमीठ मिळणार की नाही हे लोकांना उमगले नाही, आणि ज्या गर्दीला टाळायचे तीच गर्दी त्या रात्री दुकानांपुढे लोटली. घाबरू नका, गरजेच्या वस्तू मिळत राहतील, असा खुलासा मागाहून आला. जे वाक्य आधी यावयाचे, ते नंतर आले. बोलण्यात काय बोलावे याइतकेच आधी काय आणि मागून काय, यालाही महत्त्व असते. घाबरलेल्या लेकराला आई आधी जवळ घेते, मग औषध कडू आहे असे सांगते.

पुढे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली या शहरांतून मजुरांचे तांडे डोईवर बोचके आणि कडेवर मूल घेऊन गावाकडे चालू लागले. पायी चालणे काय असते हे वारकऱ्याला कोणी सांगावयास नको. परंतु आपल्याला वाटेवर अन्नदान असते, मुक्कामाला तंबू असतो, मुखी नाम असते आणि पुढे पांडुरंग असतो. त्या बिचाऱ्यांच्या मागे भूक होती आणि पुढे नाकेबंदी. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे सांगण्यात आले की खोट्या बातम्यांमुळे घबराट होऊन हे लोक निघाले. असेल. पण खोटी बातमी रुजते कोठे? जेथे खरी बातमी वेळेवर पोचत नाही तेथे. शेत मोकळे ठेवले तर तण माजणारच.

हे काही आजचेच नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि त्याच कायद्याच्या आधारे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात निर्बंध लागू झाले. प्लेग कमिटीचे प्रमुख रँडसाहेब होते. रोग्यांना हुडकून वेगळे काढावे हा हेतू वैद्यकाच्या दृष्टीने वावगा नव्हता. पण गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून, देवघर आणि माजघर न पाहता झडत्या घेतल्या. रोगापेक्षा तपासणीची धास्ती लोकांना अधिक वाटू लागली आणि रोगी लपवले जाऊ लागले. अखेर २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. चापेकर बंधूंचे वडील हरिपंत हे कीर्तनकार होते, हे आम्हा कीर्तनकारांना विसरता येत नाही. त्या हत्येचे समर्थन करण्यासाठी हे सांगत नाही. भीतीच्या भाषेत सांगितलेले हितसुद्धा लोकांना वैर वाटू लागते, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

दुसरे लक्षण, सत्य.

सत्य म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. जे बोललो त्याचा ऐकणाऱ्याने दुसराच अर्थ घेऊ नये, इतके नेमके बोलणे हेही सत्यातच येते. याचे एक उदाहरण सांगताना जीभ जड होते. ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. मूळचे मध्य प्रदेशचे, जालन्यास पोलादाच्या कारखान्यात कामाला. गावाकडे जाणारी गाडी धरावी म्हणून भुसावळकडे रुळांच्या कडेने चालत निघाले होते. चालून थकले आणि रुळांवरच अंग टाकले. रेल्वे बंद आहे, गाडी येणार नाही, अशी त्यांची समजूत होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले.

आता पहा. रेल्वे बंद होती काय? प्रवाशांच्या गाड्या बंद होत्या. १ मेपासून मजुरांसाठी काही गाड्या सुरू झाल्या होत्या. मालगाड्या तर एक दिवसही थांबल्या नव्हत्या; त्यांनीच देशाचे धान्य आणि कोळसा वाहिला. पण लोकांच्या तोंडी गेले ते दोनच शब्द: रेल्वे बंद. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. हुकूम खोटाही नव्हता. अर्धा मात्र पोचला, आणि रुळांवर रात्रीच्या भाकरी विखुरलेल्या राहिल्या. राज्यकर्त्याने शब्द उच्चारताना सर्वांत शेवटचा, सर्वांत अडाणी, सर्वांत थकलेला माणूस हा शब्द कसा ऐकेल, एवढा विचार करावा. कीर्तनात आम्ही मागच्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून बोलतो; त्याला कळले तर पुढच्यांना कळलेच.

तसेच १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाजवळ घडले. २१ दिवस संपावयाचे त्याच दिवशी मुदत ३ मेपर्यंत वाढली, आणि गाड्या सुटणार अशी वार्ता पसरल्याने हजारो मजूर तेथे जमले. पुढच्या वर्षी, ३ जून २०२१ रोजी, आपल्याच राज्यात एका मंत्र्यांनी निर्बंध उठल्याचे सांगितले आणि थोड्याच वेळात मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून खुलासा आला की अजून निर्णय झालेला नाही. हुकूम निघाला तो दुसऱ्या दिवशी. एका घरात बाप एक सांगतो आणि चुलता दुसरे, तेव्हा मुले कोणाचेच ऐकत नाहीत.

सत्याचे आणखी एक अंग आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे. नवा रोग, नवे औषध. आज एक सांगितले, उद्या ते बदलावे लागले. बदलण्यात कमीपणा नाही. ‘आज एवढे समजले आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहू’ असे वैद्य म्हणतो तेव्हा रोग्याचा विश्वास वाढतोच. दूरच्या न्यूझीलंड देशाने २१ मार्च २०२० रोजी निर्बंधांच्या चार पायऱ्या लोकांपुढे मांडल्या, कोणत्या पायरीवर काय बंद आणि काय चालू ते सांगितले, आणि मग सर्वांत कडक पायरीवर जाण्यापूर्वी दोन दिवसांची मुदत दिली. रोज दुपारी ठरल्या वेळी अधिकारी पुढे येऊन माहिती देत. तो देश पन्नास लाखांचा, आपला सव्वाशे कोटींच्या वरचा; तुलना करताना हे विसरू नये. परंतु पायरी आधी दाखवावी आणि मग चढावयास सांगावे, ही रीत लहानमोठ्या सर्व घरांना लागू पडते.

तिसरे लक्षण, प्रिय.

प्रिय बोलणे म्हणजे साखर पेरणे नव्हे. ऐकणाऱ्याला आपले वाटेल असे बोलणे. श्रीवाल्मीकि रामायणात सुंदरकांडात एक मोठा मार्मिक प्रसंग आहे. अशोकवनात सीतामाई शोकाने जर्जर होऊन बसली आहे आणि वर झाडावर हनुमंत आहे. त्याला रामाचा निरोप सांगावयाचा आहे. पण तो विचारात पडतो: मी पंडितासारखे संस्कृत बोलू लागलो तर हा रावणच आला असे वाटून माई भिईल. ती ओरडली तर राक्षसिणी जाग्या होतील आणि सारे कार्य बिघडेल. म्हणून तो साध्या माणसांच्या बोलीत, हलक्या आवाजात, आधी रामकथाच सांगू लागतो. ओळख पटली, धीर आला, मग निरोप. सर्व शास्त्रे जाणणारा हनुमंत भाषा निवडण्यासाठी एवढा थांबतो! आमच्या माउलींनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला तोही याच करुणेने.

आणि आमच्या सरकारने निर्बंधांना नावे दिली ती कोणती? ‘मिशन बिगिन अगेन’ आणि ‘ब्रेक द चेन’. मराठी राज्याच्या मराठी प्रजेला! कंटेनमेंट झोन, क्वारंटाइन, ई-पास असे शब्द खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या कानावर दगडासारखे आदळले. जिल्हा ओलांडावयाचा तर ई-पास, आणि तो संगणकावर मागावयाचा. ज्याच्याकडे साधा फोन, त्याने लेकीच्या बाळंतपणाला कसे जावे? सप्टेंबर २०२० च्या आरंभी ही अट उठली तेव्हा कित्येकांनी हात जोडले. याउलट ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ हे नाव १५ सप्टेंबर २०२० पासून फिरू लागले, ते शेंबड्या पोरालाही पाठ झाले. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी घंटागाडीवर भोंगा लावून गावच्या बोलीत सांगितले, तेही लोकांनी ऐकले. हीच जुनी दवंडी, वाहन तेवढे नवे.

पंतप्रधानांनी २४ मार्चच्या भाषणात घराच्या उंबऱ्याला लक्ष्मणरेषेची उपमा दिली. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या मूळ ग्रंथात नाही, मागाहूनच्या कथांतून ती आली. तरी ती घराघरात आहे, म्हणून उपमा क्षणात कळली. उपमा चांगलीच होती. पण ज्याला उंबराच नाही, जो पुलाखाली निजतो, त्याने रेषा कोठे ओढावी? दृष्टांत देणाऱ्याने दृष्टांत कोठे लागू पडत नाही हेही पाहावे, असे आम्हाला पाठशाळेत शिकवीत.

चौथे लक्षण, हित.

येथे आपल्या वारीची गोष्ट येते. २९ मे २०२० रोजी पुण्यात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पालखी सोहळ्यांच्या प्रमुख मंडळींबरोबर बैठक घेतली. आषाढी होती १ जुलैला, म्हणजे महिनाभर आधी. आधी विचारले, मग ठरवले, आणि ठरले ते कारणासह सांगितले: पायी सोहळा निघणार नाही, परंतु पादुका दशमीला पंढरीस पोचतील. विमानाने, हेलिकॉप्टरने की बसने, हे पावसापाण्याचा अंदाज घेऊन पुढे ठरेल, असेही तेव्हाच सांगितले. १२ जूनला देहूहून तुकोबारायांचे आणि १३ जूनला आळंदीहून माउलींचे प्रस्थान मोजक्या मंडळींत झाले, आणि ३० जूनला फुलांनी सजवलेल्या एस. टी. बसमधून पादुका पंढरपुरास गेल्या. दुःख झाले नाही असा वारकरी नसेल. पण बहुतेकांनी ते सोसले. का सोसले? भीतीने नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून हे झाले आणि यात आपले व आपल्या वाटेवरच्या गावांचे हित आहे, हे पटले म्हणून.

येथेही शब्दाने घोटाळा केलाच. त्या दिवसांत एका वृद्ध माउलीचा मला फोन आला. म्हणाली, “महाराज, वारी रद्द झाली म्हणं. सासूबाईंपासनं चालत आलेली वारी, माझ्याच हातनं खंड पडायचा का?” मी म्हटले, “माउली, वारी रद्द नाही झाली. पादुका निघाल्यात, एकादशीला पंढरीत असतील. आपण फक्त पायी जायचं नाही. सकाळी तुळशीला प्रदक्षिणा घाला, हरिपाठ म्हणा, तुमची वारी त्याच्या चरणी पोचली.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “असं कुणी नीट सांगितलंच नाही बघा.” ‘वारी रद्द’ हे दोन शब्द छापावयास सोपे, पण त्यांनी कितीतरी म्हाताऱ्यांच्या काळजाला घरे पडली. ‘पादुका जाणार, आपण घरी राहावयाचे’ असे लिहिले असते तर बंधन तेच राहिले असते, जखम मात्र झाली नसती.

२०२१ साली दहा मानाच्या पालख्या बसने गेल्या आणि वाखरीपासून थोडे अंतर पायी चालण्यास परवानगी मिळाली. काहींनी पायीच जाण्याचा आग्रह धरला, त्यांना पोलिसांनी अडवले. दुसऱ्या वर्षी मने अधिक का दुखावली, याचे कारण मला असे दिसते. मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडण्यास मुभा मिळाली, ऑक्टोबरात हॉटेले आणि बार उघडले, आणि मंदिरांची दारे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. हिशेबात कारणे असतील. महसूल असेल, गर्दीचा अंदाज असेल. पण भाविकाने सरळ प्रश्न विचारला: तेथे रोग येत नाही आणि देवाच्या दारातच येतो काय? या प्रश्नाचे सरळ उत्तर सरळ मराठीत त्याला मिळाले नाही. हित सर्वांना सारख्या तराजूने तोलले जाते आहे असे दिसले, तर माणूस उपासही काढतो. तराजू झुकलेला दिसला, की एक घासही गोड लागत नाही. झुकण्यास सबळ कारण असेल तर ते उघड सांगावे. लपवले की संशय.

पाचवे लक्षण, स्वाध्याय.

आपण काय शिकलो ते पुन्हा पुन्हा उजळणे, याला स्वाध्याय म्हणतात. १० जुलै २०२२ च्या आषाढीला पायी वारी पुन्हा पंढरीस पोचली, वाळवंट पुन्हा भरले, आणि आपण सारे मागचे विसरलो. सरकारही विसरले असेल. पण साथ पुन्हा येणार नाही असे कोणी लिहून दिलेले नाही. म्हणून राज्यकर्त्यांनी आत्ताच, साथ नसताना, पाच गोष्टी ठरवून ठेवाव्यात. बंदीच्या आधी शिधा आणि वाहन यांची सोय सांगावी. काय बंद याच्या शेजारी काय चालू तेही लिहावे. एकाच तोंडाने बोलावे. गावच्या बोलीत बोलावे. आणि ज्यांची वाट अडवावयाची, त्यांच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे.

हा स्वाध्याय केवळ सरकारचा नाही, आपलाही आहे. फडाचा प्रमुख, दिंडीचा विणेकरी, गावचा कीर्तनकार यांच्या शब्दावर लोक घरातून निघतात आणि घरात थांबतात. भोंग्याने सांगितलेले जो मानत नाही, तो महाराजांनी सांगितलेले मानतो. म्हणून पुढे कधी असा प्रसंग आला, तर फोनवर आलेला निरोप तसाच पुढे ढकलू नये. मूळ हुकूम मिळवावा, तहसील कचेरीत विचारावे, न कळलेला शब्द कळून घ्यावा आणि मगच चार माणसांत बोलावे. हुकूम चुकीचा वाटला तर तोही उघडपणे, नम्रपणे आणि वेळेवर अधिकाऱ्यांच्या कानी घालावा. मागे बसून धुसफुसू नये. आणि दारावरून उपाशी तांडा जाताना दिसला, तर तो कोणत्या प्रांताचा हे न विचारता भाकरी द्यावी. बंदी चालण्यावर असते, दयेवर कधीच नसते.

करमाडच्या रुळांवर निजलेले ते सोळा जीव वारकरी नव्हते. पण तेही पायीच निघाले होते आणि त्यांनाही घरच गाठावयाचे होते. पुढची साथ येईल तेव्हा कोणाही वाटसरूपर्यंत अर्धा शब्द पोचू नये, पुरा पोचावा, एवढेच पांडुरंगाजवळ मागणे आहे.

॥ रामकृष्ण हरि ॥